हिरव्या टॅगची बाटली

लोक चाकणला जातात ते कामाला. कोणी नोकरीला जातो, कोणी कांदा विकायला, कोणी नाशिकला जाता जाता ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि नाइलाजाने चाकण बघतो. हौसेने चाकण बघायला गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मीही हौसेने गेले नव्हते. मी भांडायला गेले होते. नेमकं कोणाशी भांडायचंय, हे मात्र बार्शीहून निघताना मला नीट ठाऊक नव्हतं.

झालं असं, की माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता सांगितलं, "केमो बंद केलंय गं मी. आता थेंब चालू आहेत." दूधवाला बदलला म्हणून सांगावं तसं. अक्काच्या छातीत गाठ निघाली होती. पिंपरीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं की आधी औषधाने गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन. गाठ लहान व्हायलाही लागली होती. आणि मध्येच हे थेंब! कसले थेंब म्हणून विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाली, "हेम्पचे. भांगेच्या जातीचं झाड असतंय बघ, त्याचा अर्क. नशेचा नाही हं, खाण्याचा आहे. कॅन्सरच्या पेशी मरतात त्यानं. लॅबमध्ये तपासलंय."

मी बार्शीत एका वाचनालयात काम करते. लोक काय वाचतात आणि वाचून काय समजतात, हे रोज बघते. त्यामुळे "लॅबमध्ये तपासलंय" हे शब्द ऐकले की माझं डोकं सणकतं. मी रजा टाकली, शेंगाचटणीचा डबा भरला आणि एसटीत बसले.

कुरुळी, मंगळवार

अक्का आणि दाजी राहतात कुरुळीला. हायवेवरून आत वळलं की दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, प्रत्येक दारासमोर जाड तळाचे कंपनीचे बूट, दोरीवर एकाच रंगाचे सदरे वाळत घातलेले. मध्येच एखादं कोथिंबिरीचं वावर शिल्लक राहिलेलं दिसतं आणि बरं वाटतं. आमच्या बार्शीत नवीन माणूस दिसला की विचारतात, "कुठले तुम्ही?" इथे पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीत?" मी वाचनालयात म्हटल्यावर विचारणाऱ्याने डोकं खाजवलं. शेवटी तो म्हणाला, "तिथं शिफ्ट कशी असते?"

मी मनाची तयारी करून गेले होते की अक्का खंगलेली दिसेल. दार उघडलं तर अक्का हसत उभी. डोक्याला रुमाल होता, पण त्याखाली बारीक केस उगवलेले दिसत होते. चेहऱ्यावर तरतरी. घरमालकीण हौसाबाईंनी माझ्यासाठी म्हणून मासवडी आणि झणझणीत रस्सा पाठवला होता. बेसनाच्या त्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. हा पदार्थ आमच्या बाजूला होत नाही, आणि झाला तरी इतका सुरेख होत नाही. अक्काने माझ्याबरोबर बसून तो रस्सा भाकरी कुस्करून खाल्ला. केमो चालू असताना तिच्या तोंडात इतके फोड यायचे की तिला वरणभातही जात नव्हता.

"बघ," अक्का म्हणाली. "जेवण जातंय, केस आलेत, झोप लागतीय. थेंबांनीच की."

मी भांडायला आले होते आणि माझ्या रागाला समोरून हसरा चेहरा आडवा आला.

बाटली देवघराच्या फळीवर होती, हळदीकुंकवाच्या शेजारी. लहानशी, तपकिरी. तिच्या गळ्याला सुतळीने एक हिरवा टॅग बांधला होता आणि त्यावर दाजींची सही होती.

हा टॅग काय, ते सांगते. दाजी गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्यांचे जोड बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. तपासून पास झालेल्या मालाला हिरवा टॅग, शंका असलेल्या मालाला पिवळा आणि नापासाला लाल. टॅगवर तपासणाऱ्याची सही लागते. उद्या त्या मालात खोट निघाली, तर सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. दाजी हे इतक्या निष्ठेने करतात की घरी गॅसची नवी नळी आणली तरी उलटीपालटी करून बघितल्याशिवाय जोडत नाहीत. बाटली त्यांनी अशीच "पास" केली होती.

दाजी पहिल्या शिफ्टहून आले, हातपाय धुतले, आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"शालन, तुला राग आलाय, कळतंय मला. पण कारखान्यातलं तुला कळायचं नाही. आमच्याकडं लॉटमधले चार नग लॅबला जातात. लॅबनं पास म्हणलं की अख्खा लॉट पास. लॅबच्या वर कोण नाही. आणि ह्याला तर ताथवड्याच्या कॉलेजच्या लॅबनं पास केलंय. फोटो आहे पेशींचा."

"दाजी, अक्का काय ब्रेकची नळी आहे?"

"तसं नाही गं," ते म्हणाले, आणि बाटली फळीवर नीट सरकवून ठेवली. मला त्यांचाही राग आला होता, पण हा माणूस केमोच्या प्रत्येक खेपेला रजा काढून अक्काच्या उशाशी बसलेला मला माहीत होता. तिची उलटी धरायला ह्यांनीच हात पुढे केलेले. बायकोचे हाल बघवले नाहीत आणि कोणीतरी सुटकेचं दार दाखवलं. अशा माणसावर नीट चिडताही येत नाही.

रात्रीची भांडी घासताना हौसाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "त्या बाटलीचं इचारता व्हय ताई? आमच्या पोरानं बी आनली व्हती गुडघ्यासाठी. चोळलं बया रोज. गुडघा हाय तिथं हाय, वास तेवढा अजून गेला न्हाई."

चाकण, बुधवार

ही बाटली कोण विकतं ते बघायला चाकणला जायचं म्हणून सकाळी मी कोपऱ्यावर उभी राहिले. बस आली, थांबली, बायका चढल्या म्हणून मीही चढले. तिकीट कोणी मागेना. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, निम्मे लोक डोळे मिटून. मी कंपनीच्या बसमध्ये चढले होते! शेजारच्या बाईला म्हटलं, तर ती म्हणाली, "बसा आता मावशी. गेटवर उतरून रिक्षा करा. ड्रायव्हरदादा काही बोलायचे न्हाईत."

ह्या चुकीमुळे मला एक गोष्ट बघायला मिळाली. मागच्या सीटवरून एक गठ्ठा पुढे पुढे येत होता. प्रत्येक जण त्यातला एक कागद काढून घ्यायचा आणि गठ्ठा पुढे द्यायचा, देवळात प्रसादाचं ताट सरकतं तसा. माझ्याही हातात एक आला. वर ठळक अक्षरांत: 'कॅन्सरच्या पेशींचा नाश! ताथवड्याच्या प्रयोगशाळेत सिद्ध.' खाली दोन गोल फोटो. डावीकडे फरशी बसवावी तशा दाट चिकटलेल्या पेशी, उजवीकडे विरळ, गोल गोल फुगलेल्या. त्याखाली हेम्पचं हिरवं पान आणि 'आज संध्याकाळी अनुभव मेळावा'. ना कोणाचं नाव, ना कॉलेजचं.

बसमध्ये एकानेही 'हे खरं कशावरून' असं विचारलं नाही. विचारणार कसं? कागद देणारा अनोळखी नव्हता. रोज शेजारी बसणारा, पगार झाला की एकत्र वडापाव खाणारा, बहुतेकदा आपल्याच जिल्ह्यातला भाऊ होता. बार्शीतही अफवा पसरतात, पण आमच्याकडे त्यांना चौकात दोनचार तरी टीकाकार भेटतात. इथे बस पुढे धावते, गेट येतं, शिफ्ट लागते, वाद घालायला कोणाला उसंत आहे?

दिवसभर चाकणमध्ये हिंडले. कांद्याच्या बाजारात गेले. ढिगारेच ढिगारे, लालसर, वाळलेल्या सालींचा खच, ट्रकवाल्यांची बोलाचाली. एक व्यापारी पोत्यातून मूठभर कांदे वर काढून दाखवत होता आणि समोरचा शेतकरी माणूस ते वरचे कांदे बाजूला सारून हात कोपरापर्यंत पोत्यात घालत होता. "तळाचा दाखव राव," तो म्हणाला. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. बसमधल्या त्या कागदाच्या तळाला हात घालणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी मेळाव्याला अक्का, दाजी आणि मी तिघंही गेलो. मोबाईलच्या दुकानावरचा हॉल, कंपनीच्या सदऱ्यांनी भरलेला. व्यासपीठावर हे थेंब विकणारे अमोल सर. सर कसले, कोणाचे, कुठे शिकवायचे, हे कोणालाही माहीत नव्हतं. कॉलरला माईक, आवाजात मध.

"मी कोणालाही केमो थांबवा म्हणत नाही," ते म्हणाले. "मी फक्त म्हणतो, आपल्या शरीराचं ऐका. शरीर ओरडतंय, मला विष नको. आणि निसर्ग म्हणतोय, मी आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. केमो थांबवा म्हणत नाही! म्हणजे उद्या कोणी मेलं, तर हे मोकळे. आणि विषही म्हणायचं! हे वाक्य त्याने कुठल्या तरी वकिलाला विचारून बसवलं असणार.

मग अनुभव सुरू झाले. अक्काचं नाव पुकारलं. माझी अक्का, जी लग्नातही फोटोला मागच्या रांगेत उभी राहते, ती पुढे गेली. हातात बाटली. "जेवण जातंय, केस आले," ती म्हणाली. टाळ्या. अमोल सरांनी बाटलीवरचा टॅग उचलून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा! क्वालिटीचा माणूस. वीस वर्षं ज्यांनी तपासल्याशिवाय माल सोडला नाही, त्यांनी स्वतःच्या घरात हिरवा टॅग लावलाय. अजून काय पुरावा पाहिजे, राव?"

दाजी लाजून हसले. दोनतीन जणांनी अक्काचे बाटलीसकट फोटो काढले. मी उठले आणि विचारलं, "हे माणसांवर तपासलंय का?"

अमोल सर हसले, अगदी प्रेमाने. "ताई, माणसांवरच तर चाललंय! हे काय, सगळे बसलेत ना समोर."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. मी एकटी उभी होते. तो खरं तेच बोलला होता, आणि त्या वाक्यात काय भयंकर आहे, हे त्या गर्दीत कोणाला कळलं नाही. बाहेर पडताना अक्का म्हणाली, "उगाच कशाला विचारलंस? चांगला माणूस आहे." मी भराभर पुढे चालत राहिले. थांबले असते तर ओरडले असते.

घरी आल्यावर दाजींना म्हटलं, "उद्या ताथवड्याला चला. ज्या लॅबनं पास केलंय, त्या लॅबला विचारू. मग मी गप्प बसते."

"चला," दाजी म्हणाले. "उद्या गुरुवार आहे."

ताथवडे, गुरुवार

ह्या पट्ट्यात रविवार गुरुवारी असतो. कारखाने गुरुवारी बंद, म्हणून मटण गुरुवारी, लग्नाची बोलणी गुरुवारी आणि बाजारहाटही गुरुवारी. हे मला आधी विचित्र वाटलं, पण त्यामुळेच दाजींना कॉलेज उघडं असताना सुट्टी मिळाली.

ताथवड्याला उंच उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी चहाच्या टपऱ्या, टपऱ्यांभोवती इंजिनिअरिंगची पोरं. पत्रकावर नाव नसल्यामुळे आम्हाला कॉलेजं धुंडावी लागली. एका गेटवर मी पत्रक पुढे केलं, तर सुरक्षारक्षक वैतागून म्हणाला, "तेलासाठी का? बाटली इथं मिळत न्हाई. लई लोक येतात. मॅडम चिडतात."

लई लोक येतात! म्हणजे आमच्यासारखे किती घरांतले लोक ह्या गेटवर येऊन हात जोडून गेले असतील. मी म्हटलं, "आम्हाला बाटली नको. आम्हाला मॅडमच पाहिजेत."

मॅडम म्हणजे डॉक्टर कल्याणी. पस्तिशीच्या, पांढरा कोट, चेहरा त्रासलेला. पत्रक बघताच म्हणाल्या, "पुन्हा तेच!" मग त्यांचं लक्ष अक्काच्या रुमालाकडे गेलं आणि त्यांचा आवाज उतरला. "बसा, मावशी."

दाजींनी सरळ मुद्द्याला हात घातला. "मॅडम, एवढंच सांगा. पेशी मेल्या का न्हाई?"

"मेल्या," कल्याणी म्हणाल्या.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. अक्कानेही बघितलं. मला क्षणभर जमिनीत जावंसं वाटलं.

"खरंच मेल्या," त्या पुढे म्हणाल्या. "माझं काम खोटं नाही, काका. हेम्पच्या खाण्याच्या अर्काचा कॅन्सरच्या पेशींवर काय परिणाम होतो, हेच मी बघते. बशीत पेशी वाढवतो, त्यावर अर्क घालतो, काही मरतात. का मरतात, ते शोधतोय. त्यातून कधी काळी औषध निघेलही. पण बशीतल्या पेशी मारणं फार अवघड नसतं. त्या अर्कात बुडून बसलेल्या असतात. माणसाने तोच अर्क पोटात घेतला, तर पोट आहे, यकृत आहे, रक्त आहे. गाठीपर्यंत त्यातलं किती पोचतं, मला माहीत नाही. आणि तुमच्या बाटलीत काय आहे, तेही मला माहीत नाही. ती आम्ही कधी बघितलेलीसुद्धा नाही."

मग त्या आम्हाला बाहेरच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे त्यांचं पोस्टर लावलेलं होतं. कॉलेजच्या प्रदर्शनात कोणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढून नेला होता. वर तेच दोन गोल फोटो. आणि खाली, पत्रकात नसलेले, आणखी दोन.

"ह्या निरोगी पेशी," त्यांनी बोट ठेवलं. "ह्या अर्क न घातलेल्या. आणि ह्या अर्क घातलेल्या. ह्यातल्याही मेल्या. म्हणून तर आम्ही लिहिलंय की पुढचं काम बाकी आहे. हा खालचा भाग त्यांनी कापला."

कापला! कात्री लावून अर्धं सत्य छापलं आणि बसमध्ये वाटलं. "तक्रार केली का तुम्ही?" मी विचारलं. "पोलिसांत केली," त्या म्हणाल्या. "पत्रकावर आमचं नाव नाही, म्हणाले. त्यामुळे काय करणार, म्हणाले." त्यांचा राग माझ्या रागापेक्षा जुना आणि जास्त थकलेला होता.

दाजी पोस्टरसमोरून हलले नव्हते. कारखान्यात नग बघतात तसे, चष्मा कपाळावर सरकवून, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून ते चारी फोटो बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, गाडीवर लावून बघितलं का?"

"काय?"

"म्हणजे आमच्याकडं नवा पार्ट आला, की आधी टेबलावर तपासतात. तिथं पास झाला, तरी हिरवा टॅग लागत न्हाई. पिवळाच. मग तो गाडीवर लावतात, घाटात पळवतात, पावसात, लोड टाकून. तिथं टिकला तर मग हिरवा. म्हणून विचारतो, माणसावर लावून बघितलं का?"

"नाही काका," कल्याणी हळू म्हणाल्या. "माणसावर नाही. उंदरावरही नाही. आम्ही अजून बशीच्या बाहेर पडलेलो नाही."

दाजी बाकावर बसले. "लॉटचे चार नग तपासून सगळा माल सोडतात, ते चालू पार्टला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ज्याची गाडीवरची ट्रायल कधीच झालेली असते, त्याला. हा तर नवा पार्ट आहे. मी नव्याला चालूचा नियम लावला. शिकाऊ पोरगं पण अशी चूक करत न्हाई."

वीस वर्षं जी शिस्त त्यांनी अंगात मुरवली, तिच्याच विश्वासावर ते फसले होते. अमोल सर नावाच्या माणसाला हे नक्की माहीत होतं की इथले लोक लॅब ह्या शब्दापुढे मान तुकवतात. त्याने नेमकी तीच मान पकडली.

"पण मला बरं वाटतंय की," अक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कल्याणी तिच्या शेजारी बसल्या. "वाटणारच, मावशी. केमो थांबलं की तोंड बरं होतं, जेवण जातं, केस येतात. ते केमो थांबल्यामुळे. त्यावरून गाठीचं कळत नाही. गाठीचं डॉक्टरांना बघू दे. आणि ही बाटली त्यांना दाखवा. असले काही अर्क यकृताच्या कामात लुडबुड करतात, त्याने केमोचं औषध अंगात कमीजास्त होऊ शकतं. लपवू नका."

अक्काने बाटली पिशवीत घातली. परत निघालो. डांगे चौकात आम्ही मिसळ मागवली. दाजींनी पाव नुसताच हातात धरून ठेवला होता.

पिंपरी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी अक्काला तपासलं. बोटं एका जागी थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा तिथेच थांबली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कधीपासून बंद केलं?" त्यांनी विचारलं.

दाजींनी सांगितलं आणि बाटली टेबलावर ठेवली. बाईंनी ती बघितली आणि डोळे मिटून घेतले. "किती छान लहान होत आली होती," त्या म्हणाल्या. "आता परत आधीएवढी झालीय. कदाचित जास्तच."

अक्का कपडे सारखे करत होती. तिचे हात थांबले.

"पुन्हा सुरू करू," बाई म्हणाल्या. "पण मधला वेळ गेला तो गेला. आता औषध आधीसारखं लागू पडेलच, असं मी सांगू शकत नाही."

मला ह्या बाईंचाही राग आला, खोटं कशाला सांगू. केमो सुरू करताना कोणी अक्काला शेजारी बसवून सांगितलं होतं का, की तुला वाईट वाटेल तेव्हा आत चांगलं चाललेलं असू शकतं, आणि चांगलं वाटेल तेव्हा वाईट? बाहेर बाकांवर इतकी माणसं ताटकळत होती की बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अमोल सरांना मात्र फुरसतच फुरसत. तो प्रत्येकाचा हात हातात घेऊन बोलतो, प्रत्येकीला ताई म्हणतो. लोक त्याच्याकडे जाणार नाहीत तर काय करणार?

घरी आल्यावर दाजींनी खिशातून छोटा चाकू काढून बाटलीची सुतळी कापली. हिरवा टॅग उलटसुलट करून बघितला. आपल्या सहीवर अंगठा फिरवला आणि तो फाडून टाकला. बाटली मोरीत ओतायला मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. नापास माल फेकत न्हाईत. वेगळा ठेवतात, कोणी चुकून वापरू नये म्हणून." कुठूनतरी लाल टॅग आणून त्यांनी तो बाटलीला बांधला आणि ती देवघरातून काढून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली.

बार्शी

परत येऊन महिना होत आला होता. वाचनालयात बसले होते, मोबाईल वाजला. आमच्या बार्शीच्या बायकांच्या ग्रुपवर कोणीतरी एक चित्र पाठवलं होतं. रुमाल बांधलेली, हसणारी अक्का. हातात बाटली. बाटलीला हिरवा टॅग, आणि तो टॅग गोल काढून मोठा करून शेजारी छापलेला, दाजींची सही वाचता येईल इतका मोठा. खाली: 'क्वालिटी पास! चाकणच्या भगिनीने कॅन्सरवर केली मात.' आमच्या शेजारणीने लिहिलं होतं, 'ही तुमची अक्का ना? किती छान दिसतीय! मला पण नंबर द्या, सासूबाईंना हवंय.'

मी ग्रुपवर सरळ लिहिलं, 'अक्काची गाठ वाढली आहे. ही बाटली घेऊ नका.' कोणी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, कोणी 'अरेरे'. चित्र मात्र तोवर कुठल्या कुठे गेलं असणार. तळाचं काहीही न दाखवता वरचं तेवढं दाखवणारी गोष्ट किती भराभर पळते! आणि तळाचं दाखवायला गेलेल्या माणसाला दारोदार फिरावं लागतं.

मी कुरुळीला फोन लावला. अक्काचं केमो सुरू झालं होतं. आवाज खोल गेलेला.

"तोंड आलंय परत," ती म्हणाली. "केस पण चाललेत. काही म्हणून जात न्हाई."

"अक्का, तो फोटो..."

"बघितला. ह्यांना बसमध्येच दिला कोणीतरी. छापील." ती दमली, थांबली. "तुझे दाजी कधी चार माणसांत बोलले न्हाईत, तुला माहितीय. बसमध्ये उठून उभे राहिले, म्हणे. कागद वर धरला आणि म्हणाले, ही सही माझी आहे. माल नापास निघालाय. माझ्या बायकोची गाठ वाढलीय. मी लॉट परत बोलावतोय. ज्याच्या घरी बाटली असंल त्यानं माझ्याकडं आणून द्या."

"मग? लोक काय म्हणाले?"

"काही न्हाई. गेट आलं. सगळे उतरले." मागे कुठेतरी भांड्याचा आवाज झाला. "काल सुट्टी होती ना. सकाळी एक जण दारात येऊन उभा राहिला. परभणीकडचा आहे, ह्यांच्याच बसमधला. मग पिशवीतनं बाटली काढली आणि म्हणाला, आईला चालू आहे. तिनं केमो सोडलंय."

"मग?"

"मग काय. ह्यांनी बाटली हातात घेतली. उजेडात धरून बघितली. आणि आपल्या बाटलीच्या शेजारी कोनाड्यात ठेवली, लाल टॅग बांधून, खाली सही करून. आणि त्याच्याबरोबर गेले, त्याच्या आईला भेटायला."